शिळा आवाज

नत्थूजींची गाडी त्यांच्या तेरवीनंतर पाचव्या दिवशी आमच्या गॅरेजात आली. आली म्हणजे ढकलत आणली. स्टेअरिंगवर त्यांची पोरगी भूमिका, मागून गल्लीतले दोघं जण. अठरा दिवस दारात उभी राहून बॅटरी पार उतरली होती.

भूमिकानं चावी माझ्या हातात दिली. एक तारखेपासून तिची शहराबाहेरच्या मिहानमध्ये नोकरी सुरू होणार होती, बाबांची गाडी आता तीच नेणार होती, म्हणून पुरी तपासून द्या म्हणाली. मग जाता जाता म्हणाली, "बाबा म्हणत, कांतामावशीनं ऐकली की गाडी दुसरीकडं न्यायचं काम नाही."

त्या वेळी मला ते ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

नत्थूजी कसे गेले ते साऱ्या लकडगंजला माहीत होतं. मे महिना, सेहेचाळीस डिग्री ऊन. त्यांचे थोरले भाऊ गणपतराव, त्यांच्या मुलीचं लग्न निघालेलं. त्या लग्नाच्या साड्या घ्यायला नत्थूजी बायकोला, शोभाताईला, घेऊन सीताबर्डीला गेले. दुकान वरच्या मजल्यावर. नत्थूजींचे गुडघे गेलेले, जिना चढवत नव्हता. शोभाताई म्हणाल्या, तुम्ही गाडीतच बसा एसी लावून. दीड तासानं खाली आल्या तर काचा बंद, इंजिन सुरू, एसी सुरू आणि नत्थूजी मान टाकून बसलेले. दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं, वय अडुसष्ट, बीपी, त्यात हे ऊन; हार्ट बंद पडलं. घरच्यांनी हात जोडले की आता चिरफाड नका करू. दुसऱ्या दिवशी अंबाझरीला नेऊन जाळलं.

दोष कोणाचा ते गणपतरावांनी शोधून काढलं. तेरवीच्या पंगतीत, साऱ्या बायकांच्या देखत ते म्हणाले की माझा भाऊ गाडीत मरत होता आणि ही वर बसून पदर पाहत होती. साड्या त्यांच्याच पोरीच्या लग्नाच्या होत्या, हे बोलायची कोणाची छाती नव्हती. शोभाताई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही. भूमिका उठून आत गेली. तेव्हापासून ती आईशी बोलत नव्हती. मी शोभाताईच्या बाजूलाच बसले होते. मीही मनात म्हटलं, बाई, दीड तास काय त्या साड्या पाहत होतीस.

आता माझं सांगते. मी चौथी शिकले. आमचं गॅरेज दोन आरामशिनींच्या मधल्या जागेत आहे, दिवसभर लाकूड चिरल्याचा आवाज आणि भुसा. माझे मालक म्हणजे माझा नवरा, धोंडबा, यांनी ते सुरू केलं. पंचवीस वर्षं मी त्यांच्या हातात पाने दिले आणि इंजिनाशी वाकून ते काय ऐकतात ते ऐकलं. ते गेले त्याला नऊ वर्षं झाली. बोर्डावर आता मुलाचं, रोशनचं, नाव आहे. पण गाड्या येतात त्या माझ्या कानासाठी येतात. हे मी फुशारकीनं सांगत नाही. फुशारकीनंच सांगते, पण खरं आहे.

सुरुवातीला आमच्याकडे कोणी येत नव्हतं. नत्थूजींच्या गल्लीत आमच्या हातचं पाणी न पिणारी माणसं होती, त्यांची नावं मला अजून पाठ आहेत. नत्थूजींनी पहिल्यांदा स्कूटर आणली, इथंच पाटावर बसले आणि आमच्या घरचा चहा प्यायले, साऱ्यांना दिसेल असा. मग बाकीचे आले.

धोंडबाची एक रीत होती. गाडी उभी असताना थरथरते, आम्ही म्हणतो मिसिंग करते, अशी तक्रार आली की गाडी त्या दिवशी उघडायची नाही. रात्रभर उभी ठेवायची. सकाळी आरामशिनी सुरू व्हायच्या आत, सात वाजता, पहिला सेल्फ त्यांनी मारायचा आणि बोनटवर वाकून ऐकायचं. थंड लोखंड खरं बोलते, गरम लोखंड फुगून बसते आणि लपवते, असं त्यांचं म्हणणं. त्या पहिल्या मिनिटाच्या आवाजाला ते शिळा आवाज म्हणत. गिऱ्हाईक कितीही घाईचं असो, शिळा आवाज ऐकल्याशिवाय त्यांनी पाना उचलला नाही.

तर भूमिका गेली, रोशननं बॅटरी चार्जिंगला लावली, आणि सकाळी सातला मी सेल्फ मारला.

टिक टिक टिक टिक.

शिवणयंत्राची सुई जाड कापडात शिरावी तसा बारीक, घाईघाईचा आवाज. आधी वाटलं इंजिनाच्या डोक्यातलं टॅपेट ढिलं झालं असेल. पण टॅपेट वरून बोलते. हा खालून येत होता, इंजिनाच्या मागच्या अंगानं, जिथून जळका धूर नळ्यांमधून बाहेर पडतो त्या मॅनिफोल्डजवळून. मी घरातून उदबत्ती आणली. बाबासाहेबांच्या फोटोपुढची, अर्धी जळालेली. ती मॅनिफोल्डजवळ धरली. एका ठिकाणी धूर सरळ राहीना, कोणी तोंडानं फुंकून राहिल्यासारखा तुटत होता. तिथं केसाएवढी तड होती. आणि तुटलेला धूर मागं सरकत जात होता, गाडीच्या आतल्या भागाकडं. मी वाकून पाहिलं. इंजिन आणि बसायच्या जागेच्या मधल्या पत्र्याला एक भोक होतं. कधीकाळी टेपचे वायर टाकायला पाडलेलं. त्याचं रबर वाळून पडून गेलं होतं.

दोन-तीन मिनिटांत इंजिन गरम झालं. टिकटिक कमी झाली, मग थांबली. इंजिन एकदम शहाण्यासारखं चालू लागलं.

मी गाडी बंद केली आणि तिथंच टायरवर बसले.

मला नत्थूजींचा चेहरा आठवला. घरी आणलं तेव्हा मी पाहिला होता. गोरा नव्हता माणूस, पण चेहरा गुलाबी झाला होता, ओठ लाल. बायका म्हणत होत्या, पुण्यवान माणूस, चेहऱ्यावर तेज आहे. धोंडबानं मला एकदा सांगितलं होतं, बंद शेडमध्ये इंजिन सुरू ठेवून झोपलेल्या एका ट्रकड्रायव्हरची गोष्ट. तोही असाच गुलाबी होता. धुराचा विषारी गॅस, वास ना रंग. माणूस झोपतो, बस.

हे मला तेव्हा, चेहरा पाहताना, काहून नाही आठवलं?

कारण त्याच्या दहा दिवस आधी नत्थूजी ती गाडी माझ्याकडे घेऊन आले होते.

दुपारचे बारा वाजले होते. दोन्ही बाजूंना आरामशिनी किंचाळत होत्या. ते म्हणाले, सिग्नलवर थांबली की थरथरते, एसी लावला की जास्तच. इंजिन तापलेलं, हात लावता येत नव्हता. रोशननं नवीन स्कॅनर आणला होता, तो जोडला. त्यानं काहीतरी कोड दाखवला. रोशन म्हणाला, हवा-पेट्रोलचं मिक्श्चर बिघडलं दाखवते, काहून ते कळत नाही, गाडी आज राहू द्या, उद्या सकाळी थंड इंजिनावर पाहू. बापाचीच रीत तो सांगत होता.

आणि मी हसले. समोर आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती. महिनाभर मी त्या स्कॅनरचं कौतुक ऐकून राहिले होते. मी म्हटलं, "तुह्या मशीनले कान आहेत का? सरक बाजूले."

नत्थूजीही हसले. म्हणाले, कांताबाईंपुढं कंपनीचा इंजिनिअर पाणी भरीन.

मी एकेका सिलिंडरचं कनेक्शन काढत गेले. पहिलं काढलं, इंजिन लंगडलं. दुसरं काढलं, लंगडलं. तिसरं काढलं तर फारसा फरक नाही. म्हणजे तिसरा सिलिंडर आधीच मेल्यासारखा. प्लग काढला, काजळीनं काळा कुट्ट. साऱ्यांना दाखवला. नवा प्लग लावला, थ्रॉटल साफ केलं, गाडी एकदम गुळगुळीत. रोशनला म्हटलं, तो कोड पुसून टाक. त्यानं पुसला. नत्थूजींनी चहा घेतला आणि गेले.

काजळी कुठून आली, हे मी विचारलं नाही. धोंडबानं पहिलं तेच विचारलं असतं. रोशननं मला नंतर समजावलं: तडीतून बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरला वाटते पेट्रोल कमी पडून राहिलं, ते जास्त सोडते, इंजिन गुदमरते. नवा प्लग लावला की आठ दिवस बरं वाटते. गरम झाली की तडीचा आवाज बंद होते, गॅस बंद होत नाही. आणि तड तर रोज वाढतच होती.

रोशन नऊ वाजता आला. मी त्याला ऐकवायला गेले नाही, गाडी गरम होती. फक्त दाखवलं. तो बराच वेळ टॉर्च घेऊन वाकून राहिला. मग सरळ झाला, हात पुसले.

"आज मॅनिफोल्ड बदलतो," तो म्हणाला. "भोकाले रबर बसवतो. पोरीले काही होणार नाही, माय."

"अन् नत्थूजी?"

"ते गेले. तू बोलल्यानं परत येतीन का?"

 तो बाजूला बसला आणि हळू आवाजात म्हणाला की बोर्डावर नाव त्याचं आहे, पोलीस त्याला नेतील, मला नाही. घरात दोन लहान पोरं आहेत. आणि गल्लीतली ती सारी माणसं, जी नत्थूजींच्या पाठीमागून आली, ती काय बोलतील ते मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत आहे. सारं खरं होतं. एक गोष्ट मात्र तो बोलला नाही. त्या दिवशी गाडी राहू द्या असं त्यानं म्हटलं होतं, हे तो बोलला नाही. बोलला असता तर मला भांडता आलं असतं.

मी म्हटलं, आण जाऊन मॅनिफोल्ड. तो भंगार बाजारात गेला. मी कबूल झाले होते, हेही लिहून ठेवते.

दुपारी भूमिका गाडीचं विचारायला आली. मी तिला पाणी दिलं आणि सहज विचारलं, आई कशी आहे. ती म्हणाली, असेल. मग आपणहून म्हणाली की आई त्या साड्यांची पिशवी अजून उघडत नाही, कोपऱ्यात ठेवली आहे, रोज पुसते. "पुसू दे," ती म्हणाली. "ती अर्धा तास आधी खाली आली असती तं पुसायचं काम नसतं पडलं."

हे बोलताना तिच्या आवाजात एवढीही थरथर नव्हती. बावीस वर्षांची पोर. मी म्हटलं, "तोंड सांभाळ वं. आई आहे तुही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं तिला कोणीतरी असं बोलायला पाहिजेच होतं. पण ते मी बोलायचं नव्हतं. ते बोलायला मला तोंड कुठं होतं.

ती गेली. मी गाडीची चावी पदराला बांधली आणि शोभाताईकडे गेले.

त्या एकट्या होत्या, भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. पिशवी कोपऱ्यात होती. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं, सारं, प्लगपासून उदबत्तीपर्यंत. उन्हानं नाही गेले नत्थूजी, साड्यांनी तर नाहीच. तड माझ्या हाताखालून गेली.

शोभाताईंनी ऐकलं. दाणे ताटलीत पडत राहिले. मग म्हणाल्या, "कांताबाई, माह्यासाठी खोटं नका बोलू. मले कोणाची दया नाही पाहिजे."

मी आयुष्यात पुष्कळ गोष्टींसाठी तयार होते, याच्यासाठी नव्हते. बाईला वाटत होतं मी तिचं ओझं उचलायला आले.

"दया करायची मले सवय नाही," मी म्हटलं. "उद्या सकाळी साताले गॅरेजात या. आरा सुरू व्हायच्या आत. पोरीले आणा, गणपतरावले पण आणा. तुमच्या कानानं ऐका."

परत गॅरेजात आले तर रोशन मॅनिफोल्ड घेऊन बसला होता, बोल्ट सोडायच्या तयारीत. मी चावी दाखवली. म्हटलं, उद्यापर्यंत कोणी हात लावायचा नाही, गाडी शिळी होऊ दे. त्याला काय ते कळलं. तो जेवला नाही. सुनेनं पोरांना लवकर झोपवलं.

सकाळी सातच्या आधीच ते आले. शोभाताई पुढं, भूमिका चार पावलं मागं, गणपतराव स्कूटरवर. स्कूटर त्यांनी बंद केली नाही, तर मी सांगितलं बंद करा, ऐकू येणार नाही. भुशाचा वास होता आणि कुठं काही आवाज नव्हता. मी बोनट उचललं, उदबत्ती पेटवली आणि सेल्फ मारला.

टिक टिक टिक टिक. आदल्या दिवसापेक्षा मोठा.

मी शोभाताईच्या हाताला धरून त्यांना वाकवलं आणि उदबत्ती तडीजवळ नेली. धूर तुटला, मागं सरकला, पत्र्याच्या भोकाकडं गेला. नत्थूजी एसी लावून दीड तास याच्यापुढं बसले होते, मी म्हटलं. गाडी माझ्याकडून नीट होऊन गेली होती म्हणून बसले होते.

गणपतराव म्हणाले, एवढ्याशा टिकटिकीनं माणूस मरते का, ही बाई काहीतरीच सांगून राहिली, दोघी ठरवून आल्या दिसतात.

तेव्हा रोशन मागून आला. मला वाटलं होतं तो येणारच नाही. त्यानं स्कॅनर बोनटवर ठेवला. "त्या दिवशी या मशीननं सांगितलं होतं, गाडीत बिघाड आहे म्हून," तो म्हणाला. "मी तो कोड पुसला."

"मी पुसायले लावला," मी म्हटलं. "तो गाडी राहू द्या म्हणत होता."

 गणपतरावांनी मोबाइल काढला आणि इंजिनाचा, माझा, बोर्डाचा व्हिडिओ घेऊ लागले.

इंजिन तापत गेलं. टिकटिक बारीक झाली आणि थांबली.

शोभाताई अजून वाकलेल्याच होत्या. "बंद झाला," त्या म्हणाल्या.

"हो. त्या दिवशी तुमच्या मालकानं गाडी आणली तेव्हा असाच बंद होता. दुपारी आणली होती. मी थांबले नाही."

त्यांनी विचारलं, "त्याईले समजलं असन का?"

"नाही. झोप येते फक्त."

"मी काच वाजवली होती," त्या म्हणाल्या. "दोनदा. मग मी थांबली, म्हटलं झोपू दे, दमले असतीन. पाच-सात मिनिटं मी तशीच उन्हात उभी होती."

भूमिकाच्या तोंडून आवाज निघाला. शब्द नव्हता तो. ती चार पावलं पुढं आली आणि तिनं आईचं मनगट धरलं. शोभाताईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"तेरवीच्या दिवशी तुम्ही माह्या बाजूले बसून होत्या," त्या म्हणाल्या.

"तेव्हा मले हे माहीत नव्हतं, शोभाताई."

"नसन माहीत. पण गणपतराव बोलले तेव्हा तुम्ही मान हलवली. हो म्हणून. मी पाहिली."

मी लिहिलं होतं की मी मनात म्हटलं. मनात नव्हतं ते. मान हलली होती.

त्यांनी मग पोरीला म्हटलं, चाल. गाडीची चावी मागितली नाही. गल्लीच्या तोंडाशी पोचल्या तेव्हा पहिली आरामशीन सुरू झाली, मग दुसरी, आणि नंतर काही ऐकू येण्यासारखं राहिलं नाही.

तक्रार गणपतरावांनी दिली. पोलीस रोशनला न्यायला आले तर मीही सोबत गेले, आणि ठाण्यात जाऊन टेबलासमोरची खुर्ची मी धरली. रोशनला बाकावर बसवलं. हवालदार तरुण होता. त्यानं नाव विचारलं, वय विचारलं, शिक्षण विचारलं. चौथी म्हटल्यावर त्यानं रोशनकडे पाहिलं. गाडीतला दोष तुम्ही कशावरून ठरवता, त्यानं विचारलं. ऐकून, मी म्हटलं. तो हसणार होता, पण हसला नाही.

तो मॅनिफोल्ड लिहिता लिहिता अडला. मी म्हटलं, सोपं लिहा: इंजिनाची धुराची नळी तडकली होती, गाडी रात्रभर ठेवायची आमची रीत होती, मी ठेवली नाही, आणि मुलानं सांगितलं ते ऐकलं नाही. मुलाचा दोष नाही. त्यानं तसंच लिहिलं, एकदा वाचून दाखवलं. मी दोन ठिकाणी दुरुस्त करायला लावलं.

मग त्यानं कागद फिरवून माझ्यापुढं ठेवला आणि अंगठ्यासाठी शाईचं पॅड उघडलं.

मी म्हटलं, "पेन द्या."